कसर

शनिवार, रात्र

आज माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. तळाशी लोकरीची दोन ब्लँकेटं निघाली, अजून कागदात गुंडाळलेली. 'चांगली आहेत, पाहुण्यांसाठी राहू देत' म्हणून आठ-नऊ वर्षांपूर्वी मीच ती ठेवली होती. एक उलगडलं तर मधोमध पार चाळण झालेली. बोट लावलं की भुगा पडत होता. कसर, म्हणजे लोकर आणि कापड खाणारी कीड, लागली होती. दुसरं मात्र धड राहिलं आहे.

पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिथे कसर आणि जंग तिचा नाश करतात, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या ६व्या अध्यायातलं येशूचं वचन संडेस्कूलपासून पाठ आहे. कसर म्हणजे काय, हे तेव्हा मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, हिशेबात काहीतरी कमी पडणं. आज ती तळहातावर घेऊन पाहिली. त्या काळी कपडा हीच संपत्ती होती. जुन्या करारातला आखान नावाचा इस्राएली यरीहो शहराच्या लुटीतल्या एका झग्याला भुलला. नव्या करारातला याकोबही आपल्या पत्रात श्रीमंतांना सांगतो की तुमच्या कपड्यांना कसर लागली आहे. येशू जे बोलला ते ऐकणाऱ्यांच्या घरात घडत होतं, आणि आज माझ्याही घरात घडलं.

ब्लँकेट फुकट गेलं याचं दुःख थोडं. इतके हिवाळे ते आम्ही पांघरलं नाही आणि कुणाला दिलंही नाही, हे जास्त लागलं. पुढे कैसरियाचा बिशप झालेला बासिल चौथ्या शतकात येशूच्या मूर्ख धनवानाच्या दाखल्यावर (भरघोस पिकासाठी मोठी कोठारं बांधायचं ठरवतो आणि त्याच रात्री मरतो, तो माणूस) बोलताना म्हणाला होता की तू राखून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे आणि पेटीत जपलेला झगा उघड्याचा आहे. म्हणजे दिलं तर उपकार नव्हे, ज्याचं त्याला परत केलं एवढंच. हे मी पूर्वी वाचलं होतं, मानही डोलावली होती. तेव्हाही ही पेटी वरच होती.

जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, साठवणंच पाप असतं तर योसेफाचं काय? त्याने तर मिसरात फारो राजाचा कारभारी म्हणून सात वर्षं धान्य साठवलं."

बरोबर आहे. मला लगेच उत्तर सुचलं नाही. भांडी आवरून धनवानाचा दाखला ज्यात आहे तो लूकच्या शुभवर्तमानाचा १२वा अध्याय काढून बसले. त्या धनवानाचं बोलणं सावकाश वाचलं. पीक माझं, कोठारं माझी, माल माझा, जीवसुद्धा माझाच. तो बायकोशी बोलत नाही, गड्यांशी नाही, शेजाऱ्याशी नाही. नुसता स्वतःशी बोलतो. जागा पुरत नाही, काय करू, असं विचारतो आणि उत्तरही आपणच देतो. योसेफाने साठवलं ते पुढच्या दुष्काळासाठी. दुष्काळ पडला तेव्हा त्याने कोठारं उघडली आणि देशोदेशीचे लोक धान्याला आले. दोघांचीही कोठारं भरलेलीच होती. धनवानाच्या कोठाराला मात्र बाहेर उघडणारं दारच नव्हतं. बासिल त्याला म्हणतो, कोठारं हवीत ना, ती गरिबांच्या घरांत आहेत.

म्हणून आम्ही ठरवलं की आजारपणासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही. घरच्यांची तरतूद करणं हे प्रेषित पौलानेही कर्तव्यच मानलं आहे, आणि उद्या दुसऱ्यांवर भार टाकणं याला मी साधेपणा म्हणणार नाही. पण त्याच्या पलीकडे जे आहे, त्याचे आपण मालक आहोत की कारभारी, हे एकेक वस्तू हातात घेऊन पाहायचं. कारभाऱ्याकडे हिशेब मागतात, हे आम्हा दोघांनाही विसरायला झालं होतं.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली या अठराव्या शतकातल्या इंग्रज धर्मोपदेशकाने ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाची गोष्ट सांगितली आहे. तो तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच, असं बहुतेक मानलं जातं. वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा तो २८मध्ये भागवी आणि २ देऊन टाकी. पुढच्या वर्षी ६० मिळाले. खर्च २८च, ३२ दिले. मग ९०, मग १२०. खर्च तेवढाच राहिला, चौथ्या वर्षी ९२ पौंड देण्यात गेले. आमच्या घरात नेमकं उलटं झालं. पगार वाढला की गरजा वाढल्या, आणि देणं जिथे होतं तिथेच राहिलं. कधी ठरवून केलं नाही. काहीच ठरवलं नाही म्हणूनच तसं झालं. आता खर्चाचा आकडा वर्षाच्या सुरुवातीला बांधायचा. ह्यांना थोडी धाकधूक आहे, मलाही आहे.

रविवार, रात्र

उपासनेहून आल्यावर द्यायचा ढीग लावला. अर्ध्या तासाने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि खाली बसले. चेन तुटलेली बॅग, विटलेले स्वेटर, कान तुटलेले कप. जे मला नको होतं ते सगळं त्यात होतं. जुन्या करारातल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात परमेश्वर विचारतो की आंधळी, लंगडी, रोगी जनावरं तुम्ही मला अर्पण करता, तीच तुमच्या अधिकाऱ्याला नेऊन द्या, तो खूश होईल का? मी ती बॅग कुणाला हातात देऊ शकले असते? अडगळ काढणं आणि दान करणं ही दोन कामं मी आजवर एकच समजत आले.

मग ढीग मोडला. दुरुस्त होण्यासारखं होतं ते दुरुस्तीला ठेवलं, बाकीचं टाकून दिलं. कपाटातला माझा नवा कोट काढला. दोन आहेत. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं म्हणणं इतकं सरळ आहे की त्याला वळसा घालायला जागाच सापडत नाही. तरी हात जुन्या कोटाकडे जात होता. आईच्या शालीचं मात्र अजून ठरत नाही. ती मी दर थंडीत पांघरते, आणि तिचा वास अजून तिचाच आहे. ती तूर्त माझ्याजवळ राहील.

संध्याकाळी पाळकांच्या पत्नीला फोन केला. मंडळीत नुकत्याच आलेल्या एका भगिनीला रात्रपाळी असते आणि घरात पांघरुणं पुरत नाहीत, असं त्या म्हणाल्या. धड राहिलेलं ब्लँकेट धुवून वाळत घातलं आहे. डांबरगोळ्यांचा वास अजून पुरता गेलेला नाही. उद्या दिवसभर ऊन दाखवते, परवा जाऊन देऊन येते. कोटही सोबत नेईन, नवा.