आपला ज्वालामुखी गेला कुठं?

कोयनेला धक्का बसला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजायला लागतो. पाटण खोऱ्यातला कुणी जुना विद्यार्थी असतो, नाहीतर कुणी पाहुणा. परवा तर साताऱ्यात स्टँडजवळच्या रसवंतीवाल्यानं चरकात ऊस सारता सारता विचारलं, "सर, खाली ज्वालामुखी हाय म्हणत्यात. परत फुटंल का वो?" कॉलेजात तीस वर्षं भूशास्त्र शिकवल्याची ही शिल्लक. "नाही, घाबरू नका" म्हणून मी दर वेळी सुटतो. त्याला तेवढं पुरलं नाही. "मंग गेला कुठं?" म्हणाला. एवढा नेमका प्रश्न वर्गातसुद्धा फार थोड्यांनी विचारला असेल. तुम्हीही हेच विचारता, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी कोयनेचं उरकू. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आजीनं मला गोधडीसकट अंगणात आणून टाकलं होतं. "डोंगराच्या पोटात जाळ हाय" ही बोलवा आमच्याकडं तेव्हापासूनची. खरं कारण वेगळं आहे. धरणाच्या पाण्याचा भार आणि खोल फटींत मुरणाऱ्या पाण्याचा दाब, यांनी खालची जुनी भेग सरकते. केंद्र सरकारची कऱ्हाडला एक प्रयोगशाळा आहे, तिच्या लोकांनी गोठणे गावाजवळ 3 किलोमीटर खोल बोअर घेतलं. वरचा सव्वा किलोमीटर काळा कातळ लागला आणि त्याच्याखाली थेट ग्रॅनाइट. जाळ नाही, शिलारस नाही. भूकंप होतात ते त्या ग्रॅनाइटमध्ये.

पण वरचा सव्वा किलोमीटर कातळ आला कुठून? तो ज्वालामुखीचाच. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. आपल्या मनात ज्वालामुखी म्हणजे शंकूसारखा डोंगर आणि वर तोंड. म्हणून लोक अजिंक्यताऱ्यावर तोंड शोधतात. इथं जमिनीला मैलोन् मैल भेगा पडल्या आणि लाव्हा त्यांतून वर आला. गुऱ्हाळात काहिलीतला पाक वाफ्यात ओतला की आपसूक सपाट पसरतो, तसा तो पसरला. एक थर, त्यावर दुसरा, मध्ये बराच काळ गेला असेल तर गेरूसारखा तांबडा पट्टा. पसरणीच्या घाटातून चढताना डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळे. जगभरच्या शोधनिबंधांत या थरांच्या एका मोठ्या गटाला वाईचं नाव आहे, आणि त्यातल्या थरांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. वाईकरांना हे सांगितलं की ते मेणवलीच्या घाटाइतकेच याच्याबद्दलही अभिमानानं बोलू लागतात.

आता मूळ प्रश्न. तो कुठंच गेला नाही. आपण गेलो.

बहुतेक भूशास्त्रज्ञ असं मानतात की पृथ्वीच्या पोटात खोलवर एक उष्ण जागा आहे, हॉटस्पॉट म्हणतात ती. भारताचा तुकडा तिच्यावरून उत्तरेकडे सरकत आला. (हे सगळ्यांना मान्य नाही. आपल्याकडचेही काही अभ्यासक याच्या विरोधात जोरात लिहितात, आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मला मात्र हे पटतं.) पटण्याचं कारण समुद्रात आहे. 1987मध्ये एका संशोधन जहाजानं हिंदी महासागराच्या तळाला भोकं पाडली. मालदीवच्या प्रवाळाखाली बेसाल्ट, म्हणजे आपल्यासारखाच काळा कातळ, लागला, सुमारे 5 कोटी 70 लाख वर्षांचा. त्याच्या दक्षिणेला चागोसजवळचा 4 कोटी 90 लाखांचा. आणखी खाली मॉरिशस, ऐंशी-नव्वद लाखांचं. आणि ओळीच्या टोकाला रियुनियन बेट, जेमतेम वीसेक लाखांचं, अजून धगधगणारं. जितकं दक्षिणेला तितकं तरुण. साताऱ्याहून साडेचार हजार किलोमीटरांच्या पुढं. आमचा पुतण्या लग्नानंतर मालदीवला गेला होता. त्याला म्हटलं, अरे, तू आपल्याच भावकीत जाऊन आलास. त्यानं निळ्या पाण्याचे दोनशे फोटो दाखवले, खडकाचा एकही नाही.

मॉरिशसला तर आपली माणसंही आहेत. 19व्या शतकात मराठी मजूर तिथं उसाच्या मळ्यांवर गेले, त्यांची पोरंनातवंडं अजून गणपती बसवतात. तिथल्या उसाच्या रानात काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, जमीन साफ करताना वेचून रचलेले. माण-खटावच्या माणसाला दगड वेचून रान करणं म्हणजे काय ते सांगायला नको. दगडही एकाच आईचा, हे मात्र त्या मजुरांना कुणी सांगितलं नसणार.

रियुनियनवरचा 'पितों द ला फुर्नेझ' 2,632 मीटर उंच आहे आणि जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. 1977मध्ये त्याचा लाव्हा एका गावात शिरला, चर्चच्या दारात थांबला आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेला. त्यानंतर तिथं वेधशाळा झाली. पाऊस असा की 1966च्या एका वादळात त्या बेटावर 24 तासांत 1,825 मिलिमीटर पडला. महाबळेश्वरच्या वर्षाच्या पावसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका दिवसात!

मला मोह पडतो तो थंड झालेल्या लाव्ह्यावर पहिलं कोण येतं याचा. रियुनियनला आधी येतं एक करडं, केसाळ दगडफूल. आपण काळ्या मसाल्यात घालतो त्या दगडफुलाच्या जातकुळीचं. कातळात नत्र नसतो. हे दगडफूल हवेतला नत्र धरतं, मग त्याच्या आधारानं नेचे येतात, मग झाडं. आइसलँडजवळ 1963च्या नोव्हेंबरात सुर्त्से नावाचं बेट समुद्रातून वर आलं. तिथं शास्त्रज्ञांशिवाय कुणाला पाय ठेवू देत नाहीत. पहिलं फुलझाड 1965मध्येच दिसलं, पण पुढं वीसेक वर्षं गाडी अडली. 1986पासून समुद्रपक्ष्यांनी वस्ती केली, त्यांची विष्ठा पडू लागली आणि हिरवळ झपाट्यानं वाढली. शेतकऱ्याला समजावायचं तर युरियाचं पोतं पोचलं. मध्ये तिथं टोमॅटोचं रोपही उगवलं होतं. एका शास्त्रज्ञाच्या पोटातून आलेलं बी होतं ते. लाजेकाजेस्तव उपटून टाकलं.

हे सगळं बघायला रियुनियनला जायची ऐपत माझी नाही, आणि गरजही नाही. कास आहे. आपला कातळ इतका जुना झाला की वरचा थर झिजून जांभा झाला, माती वाहून गेली आणि सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पुन्हा बेटावरचीच उपासमार सुरू झाली. बोटभर माती, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात तवा. नत्राची तीच ओरड. इथं समुद्रपक्षी नाहीत, तर वनस्पतींनी शिकार धरली. सीतेची आसवं म्हणून जी जांभळी फुलं सगळे बघतात, त्या झाडाला पाण्यात बारीक पिशव्या असतात आणि त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात. दवबिंदूच्या पानांवरचे थेंब चिकट असतात, त्यात किडे सापडतात. लोक मिकी माऊसच्या फुलाचे फोटो काढायला वाकतात आणि बूट ठेवतात नेमका दवबिंदूवर. डबक्यात उगवणारा वायतुरा, दोन फाट्यांचा पांढुरका तुरा असलेला, सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांपलीकडं सापडत नाही. चारी बाजूंनी दऱ्या असताना तो जाणार कुठं? सडा म्हणजे त्याच्यासाठी बेटच.

गेल्या आठवड्यात रसवंतीवाल्याला हे सगळं सांगितलं, निम्मं गिऱ्हाईक सांभाळत त्यानं ऐकलं. "म्हंजे आपुनच पळून आलो की," म्हणाला. मग त्याच्या खऱ्या प्रश्नावर आला. कोरेगावकडच्या त्याच्या रानात साडेतीनशे फूट बोअर मारलं, नुसती धूळ निघाली. ते का? म्हटलं, पाणी बहुतेक दोन थरांच्या सांध्यात असतं, तुझा सांधा हुकला. जागा कुणी दाखवली होती? पानाड्यानं, हातावर नारळ उभा करून. मी पुढं काही बोललो नाही. त्यानं रसाचे पैसे घेतले नव्हते.