आधी तक्ता, मग चित्र

म्युनिकच्या यू-६ मेट्रोचं एक टोक उत्तरेला गार्शिंगला, दुसरं नैर्ऋत्येला ग्रोसहाडर्नच्या इस्पितळापाशी. इस्पितळाच्या मागची शेतं ओलांडली की मार्टिन्सरीड. माझी लॅब इथे, पण माझ्या डेटावरची आकडेमोड होते ती गार्शिंगच्या संगणक केंद्रात. म्हणजे माझ्या फाईली रात्रीच्या रात्री अख्ख्या शहराच्या पार जाऊन येतात. मी स्वतः तिकडे क्वचितच फिरकते.

आईला हे सांगितलं की तिचा प्रश्न ठरलेला. "अगं, सगळं कम्प्युटरच करतो म्हणतेस, मग तुला उशीर कशाने होतो?" प्रश्न रास्त आहे. घरच्या लग्नकार्यात "जर्मनीत नक्की काय करतेस?" असं विचारून, उत्तर संपायच्या आत जिलबीकडे वळणारे तुम्हीही आहातच. तुम्हा सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून ठेवते.

प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला एक मर्यादा असते. येना शहरात काम करणाऱ्या एर्न्स्ट आब्बेने ती १८७३ साली मांडली. दोन बिंदू प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असले, तर भिंग कितीही भारी आणा, ते एकच दिसणार. ढोबळमानाने ही मर्यादा २०० नॅनोमीटरची (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). येनामधल्या आब्बेच्या स्मारकावर हे सूत्रच कोरलेलं आहे. पेशीतल्या ज्या यंत्रणांमध्ये आम्हाला रस असतो, त्यातल्या बहुतेक याहून बारीक. ही मर्यादा चुकवण्याच्या वाटा शोधल्याबद्दल २०१४ साली एरिक बेट्झिग, स्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हेल इथलेच, ग्योटिंगेनचे, त्यामुळे जर्मनीत या विषयाचं कौतुक अंमळ जास्तच.

मी वापरते ती पद्धत समजायला मेअखेरीचं भंडारदरा आठवा. झाडावरचे सगळे काजवे एकदम चमकले की उजेडाचा नुसता गोळा दिसतो. तेच एकेकटे चमकले तर कुठला कोणत्या फांदीवर आहे ते बोट दाखवून सांगता येतं. आम्ही प्रथिनांना चिकटवलेल्या रंगाच्या रेणूंना लेझर आणि रसायनांच्या मदतीने असंच आळीपाळीने लुकलुकायला लावतो. प्रत्येक ठिपका धूसरच असतो, दोन-अडीचशे नॅनोमीटर रुंद. पण तो एकटा असला की त्याचा मध्य गणिताने काढता येतो, दहा-वीस नॅनोमीटरच्या आत. हजारो फ्रेम घ्यायच्या, प्रत्येकीतले ठिपके टिपायचे आणि सगळ्यांच्या जागा एका नकाशावर मांडायच्या.

याचा अर्थ असा की आमच्या मायक्रोस्कोपमधून चित्र येतच नाही. येतो तो लुकलुकणाऱ्या ठिपक्यांचा लांबलचक सिनेमा. चित्र बनवतं सॉफ्टवेअर. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय ठरवलं, त्यावर चित्रात काय दिसणार हे बऱ्याच अंशी अवलंबून असतं. शोधनिबंधातली रंगीबेरंगी चित्रं बघताना हे लोकांच्या लक्षात येत नाही. आमच्या क्षेत्रातल्याही अनेकांच्या येत नाही, असं माझं मत आहे.

आता आकार बघा. ५१२ गुणिले ५१२ पिक्सेल, दर पिक्सेलला दोन बाइट, म्हणजे एक फ्रेम अर्ध्या एमबीची. अशा ४०,००० फ्रेम घेतल्या की २० जीबी. एवढं सगळं एका पेशीच्या एका कोपऱ्याचं. दिवसभरात आठ जागा टिपल्या तर दीडशे जीबीच्या वर. हाताने करायचं म्हटलं तर फिजी उघडा (बेट नव्हे, आमच्याकडचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर), त्यात प्रागच्या मंडळींनी लिहिलेलं, ठिपके शोधून त्यांचे मध्य काढणारं थंडरस्टॉर्म हे प्लगिन चालू करा, फाईल निवडा, आकडे भरा, बटण दाबा, कॉफी प्या, पुढची फाईल. सुरुवातीला सगळे असंच करतात.

वेळ जातो हे खरं, पण खरी अडचण वेळेची नाही. तिसऱ्या-चौथ्या फाईलला हात शिवशिवायला लागतात. "हिच्यात कचरा जास्त दिसतोय, उंबरठा जरा वर घेऊ या." (उंबरठा म्हणजे ठिपका किमान किती उजळ असला तर खरा धरायचा, ती मर्यादा.) पुढच्या फाईलला ठिपके कमी वाटतात, मग तो जरा खाली. यातली कोणती पेशी औषध दिलेली आणि कोणती साधी, हे आपल्याला माहीत असतं. माणूस कितीही प्रामाणिक असो, डोळा फितूर होतो. बॅचमध्ये, म्हणजे सगळ्या फाईलींवर एकाच साखळीने आपोआप काम चालवण्यात, मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, की निर्णय निकाल बघायच्या आधी घ्यावे लागतात आणि लिहून ठेवावे लागतात. वेळ वाचतो तो वरकड नफा.

आमची साखळी साधीच आहे. सिनेमाच्या सुरुवातीच्या फ्रेम टाकून द्यायच्या, कारण तेव्हा बरेच रेणू एकाच वेळी पेटलेले असतात आणि ठिपके एकमेकांवर चढतात. मग ठिपके शोधायचे, मध्य काढायचे. मग सरक दुरुस्त करायची. रेकॉर्डिंग चालू असताना खोलीचं तापमान थोडं बदललं तरी काच शेकडो नॅनोमीटर सरकू शकते, म्हणून काचेवर सोन्याचे सूक्ष्म कण टाकलेले असतात आणि ते जिकडे सरकले त्याच्या उलट सगळा नकाशा हलवायचा. मग नकोसे ठिपके गाळायचे, मग मोजमाप. या पायऱ्या स्नेकमेक नावाच्या साधनात नियमांसारख्या लिहिलेल्या आहेत. एखादी पायरी बदलली तर तिच्यावर अवलंबून असलेलं तेवढंच काम ते पुन्हा करतं. सगळे आकडे एका छोट्या फाईलीत असतात, ती छापली तर एका पानात मावते. प्रयोगाआधी दोन-तीन चाचणी नमुन्यांवर ते पान ठरवायचं आणि मग गोठवायचं. फाईलींची नावंही साखळीत शिरताना बदलतात, नमुना कुठला ते शेवटपर्यंत कळत नाही.

इथल्या राहणीचाही या साखळीवर परिणाम झालाय. शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर कॉरिडॉर ओस पडतो आणि रविवारी तर कोणी मेलला उत्तर देत नाही, तसं ते देऊही नये असंच सगळ्यांना वाटतं. शनिवारी मध्यरात्री क्लस्टरवर, म्हणजे गार्शिंगच्या त्या संगणकांवर, एक फाईल बिघडली आणि त्यापायी मागची सगळी रांग अडली, तर सोमवारपर्यंत कोणी वाली नाही. म्हणून नियम असा की फाईल बिघडली तर तिची नोंद करायची, तिला बाजूला ठेवायचं आणि पुढे चालायचं. भारतात असताना मी असल्या वेळी रात्री अकराला कोणाला तरी फोन केला असता, आणि त्याने तो उचललाही असता.

"सगळ्यांना एकच नियम" म्हणजे "सगळ्यांना एकच आकडा" असं मात्र नाही. नवी मुलं इथेच हमखास अडखळतात. उंबरठा म्हणून एखादी ठरावीक तीव्रता दिली, तर ज्या दिवशी लेझर थोडा मंद असेल त्या दिवशी खरे रेणूही गळून जातात. थंडरस्टॉर्ममध्ये मुळातच जो उंबरठा भरलेला येतो, तो प्रत्येक फ्रेममधल्या पार्श्वभूमीच्या चढउतारावरून काढलेला असतो. नियम कायम राहतो, आकडा परिस्थितीनुसार बदलतो. आकडा माझ्या मर्जीने बदलत नाही, हे महत्त्वाचं.

सकाळी चहाच्या आधी मी चित्रं उघडत नाही, तक्ता उघडते. दर फाईलीला एक ओळ असते. फ्रेममागे किती ठिपके, ठिपक्यामागे किती फोटॉन (प्रकाशाचे कण), जागेतली अनिश्चितता किती, काच किती सरकली. मर्यादेबाहेरची ओळ लाल होते. लाल ओळ पुसायची नाही, तिच्यामागचं कारण शोधायचं. आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कम्प्युटर त्याचं काम रात्रीच संपवतो, माझा दिवस लाल ओळींमागे जातो.

असाच एक तक्ता एकदा वेळेनुसार लावून बघितला. सकाळच्या फाईलींमध्ये अनिश्चितता नऊ-दहा नॅनोमीटर, दुपारपासून ती चढत जाऊन सोळा-सतरा. सुटी सुटी चित्रं बघितली तर सगळी छान. कारण रसायनात होतं. रेणू नीट लुकलुकावेत म्हणून द्रवातला ऑक्सिजन काढून टाकावा लागतो. त्यासाठी ग्लुकोज आणि ते खाणारं विकर (एन्झाइम) घालतात. ऑक्सिजन जातो, पण बदल्यात ग्लुकॉनिक आम्ल तयार होतं, हळूहळू द्रव आंबत जातो आणि लुकलुक बिघडते. आम्ही साधे नमुने सकाळी आणि औषधाचे दुपारी टिपले असते, तर औषधाचा "परिणाम" हमखास सापडला असता! म्हणून आता द्रव ठरावीक वेळाने बदलतो आणि नमुने आलटून पालटून लावतो. यातलं काहीही एकेका चित्रात दिसत नाही. शंभर ओळी एकाखाली एक आल्या की दिसतं.

पुढची पायरी पुंजके मोजण्याची. प्रथिनं पेशीच्या पटलावर एकेकटी राहतात की घोळका करतात, यावर बरंच जीवशास्त्र अवलंबून असतं. पुंजके शोधण्याची सर्वात प्रचलित रीत डीबीस्कॅन, ती १९९६ साली याच म्युनिकमध्ये जन्मली, संगणकशास्त्रज्ञांनी केली, पेशींशी काही संबंध नसताना. तिला दोन आकडे द्यायचे. शेजारी किती अंतरापर्यंत धरायचा आणि घोळका म्हणायला किमान किती जण हवेत. दिसायला निरुपद्रवी, पण हे दोन आकडे हलवून कोणत्याही डेटातून हवे तेवढे पुंजके काढता येतात. त्यातच एक रेणू एकदाच लुकलुकत नाही. तो पाच-दहा वेळा पेटतो, दर वेळी जागा दहा-वीस नॅनोमीटर इकडेतिकडे येते, आणि एकटाच रेणू घोळका म्हणून नकाशावर मिरवतो. म्हणून काचेवर विरळ पसरलेल्या एकट्या रेणूंचा नमुना आधी त्याच साखळीतून काढायचा. त्यात "पुंजके" सापडले तर पेशीतल्या पुंजक्यांबद्दल तोंड उघडायचं नाही. पुंजक्यांवरचा निबंध वाचताना मी ही चाचणी आहे का, ते आधी बघते. नसेल तर पुढचं वाचते, पण मनात शंका ठेवून.

सगळी साखळी नीट चालते की नाही हे तपासायला निसर्गानेच एक मोजपट्टी दिलीय, ती म्हणजे पेशीच्या केंद्रकाच्या भिंतीवरची छिद्रं. त्यांची रचना आठ कोपऱ्यांच्या कड्यासारखी, कडं साधारण शंभर नॅनोमीटरचं, आणि सगळीकडे तेच. साध्या मायक्रोस्कोपखाली प्रत्येक छिद्र म्हणजे एक ठिपका. आमच्या नकाशात कडं दिसतं आणि दिवस चांगला असेल तर आठही कोपरे. न्यूप९६ या प्रथिनाला खूण लावलेल्या पेशी हायडेलबर्गच्या ईएमबीएल या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या गटाने २०१९ साली यासाठीच प्रसिद्ध केल्या. दर प्रयोगात अशा पेशींची एक काच असतेच. सॉफ्टवेअर शेकडो कड्यांची त्रिज्या मोजतं आणि आठातले किती कोपरे उजळले ते बघतं. त्रिज्या चुकली तर मोजमापात खोट, कोपरे कमी भरले तर खूण नीट लागलेली नाही. वाद मिटतो.

आणि हो, एक्सेल! जर्मनीत दशांशाच्या जागी स्वल्पविराम लिहितात आणि हजाराच्या जागी टिंब. आमचं सॉफ्टवेअर आकडे टिंबाने लिहितं. ती फाईल जर्मन एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की ३.५ नॅनोमीटरचा होतो ३ मे, आणि १.२३४ चे होतात एक हजार दोनशे चौतीस. वर एक्सेल काही बोलत नाही. तारखांचा हा रोग जगभराचा आहे. जनुकांची मार्च आणि सेप्ट अशी नावं एक्सेल तारखा समजत असे, शेवटी २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनेच नावं बदलली. आमच्या साखळीत एक्सेलला प्रवेश नाही. शेवटचा तक्ता त्यात उघडायचा तर उघडा, पण तिथून काही परत आत येणार नाही.

मध्यंतरी पुण्याच्या एका एमएस्सीच्या मुलीने विचारलं, "ताई, आमच्याकडे मॅटलॅबचं (विकत घ्यावं लागणारं गणिती सॉफ्टवेअर) लायसन्स नाही, असा मायक्रोस्कोपही नाही, मग हे शिकायचं कसं?" तिला लिहिलं तेच इथे लिहिते. मायक्रोस्कोप लागत नाही. फिजी आणि थंडरस्टॉर्म फुकट आहेत. मार्टिन्सरीडच्याच एका गटाने लिहिलेलं पिकासोही फुकट आहे, ते पायथनवर चालतं आणि कमांड लाइनवरून बॅचलाही लावता येतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या विद्यापीठाने अशा सॉफ्टवेअरच्या स्पर्धा घेतल्या, त्यांचा डेटा सर्वांसाठी खुला आहे. त्यातला सरावासाठी संगणकाने बनवलेला डेटा घे, त्यात प्रत्येक रेणूची खरी जागा दिलेली असते. साध्या लॅपटॉपवर आधी शे-पाचशे फ्रेमचा तुकडा चालव. सुरुवातीला मॅक्रो, म्हणजे फिजीला द्यायच्या सूचनांच्या ओळी, लिहिता येत नसेल तर फिजीचा रेकॉर्डर चालू ठेवून हाताने एकदा सगळं कर, ओळी आपोआप लिहिल्या जातात. मग त्याच ओळी एका फोल्डरभर फिरव. ते जमलं की उंबरठा दुप्पट कर, पुन्हा चालव, आणि खऱ्या यादीशी ताडून बघ किती रेणू हरवले. मग निम्मा कर आणि नसलेले किती उगवले ते मोज. हा तक्ता मला पाठव. चित्र नको.