बदलापूर ते माटुंगा: एक वर्ष लोकल, मग कॉट

माटुंग्याच्या कॉलेजला अ‍ॅडमिशन झाली तेव्हा घरात सगळे म्हणाले, बदलापूरहून माटुंगा म्हणजे काय, डायरेक्ट फास्ट आहे, सव्वा तासात दादर आणि मग एकच स्टेशन. त्या "एकच स्टेशन"चा मला अजून राग आहे. इंजिनिअरिंगचं पहिलं पूर्ण वर्ष मी अप-डाऊन केलं, तिसऱ्या सेमला कॉलेजजवळ कॉट (म्हणजे भाड्याच्या खोलीत एका पलंगाची जागा) घेतली, त्यामुळे दोन्ही करून लिहितेय.

फास्ट माटुंग्याला थांबत नाही, हे पहिलं. दादरला उतरून उलट एक स्टेशन मागे यावं लागतं. आतेभावाने सांगितलं होतं, पाच नंबरला उतरशील, एक नंबरवरून स्लो पकड. तो दादरला नोकरीला होता त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि डिसेंबर 2023 मध्ये दादरचे प्लॅटफॉर्म नंबर बदलले हे त्याच्या गावीही नव्हतं. आता 1 ते 7 वेस्टर्नचे, सेंट्रलचे 8 पासून 14 पर्यंत. पहिल्या दिवशी मी त्याच्या सांगण्याप्रमाणे एक नंबर शोधत पूल ओलांडून वेस्टर्नला जाऊन उभी राहिले, शेवटी एका काकूंनी सांगितलं, बाळा ही विरारची लाईन आहे, आणि माझं पहिलंच लेक्चर गेलं. लक्षात ठेवा, कल्याणकडे जाणारी स्लो 8 वर येते.

पण खरं सांगू का, स्लो पकडूच नका. गर्दीत पूल चढून स्लोची वाट बघत उभं राहण्यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. दादर ईस्टला बाहेर पडा, दादर टीटी सर्कलवरून पारशी कॉलनीतून फाइव्ह गार्डनकडे सरळ चालत सुटा, पंचवीस मिनिटांत तुम्ही गेटवर. झाडं आहेत, सावली आहे. मला हे नोव्हेंबरमध्ये समजलं.

आता संध्याकाळ, कारण सगळं वर्ष माझं तिथेच संपलं. दादरला साडेसहाची बदलापूर फास्ट येते ती सीएसएमटीहूनच भरून. लेडीज डब्याच्या दाराशी आधीच चार-पाच जणी बाहेर टेकून, खाली आम्ही वीस-पंचवीस, आणि गाडी थांबते किती तर मोजून अर्धा मिनिट. चढायचं नसतंच, मागच्या बायका चढवतात. आत गेलं की बसलेल्या प्रत्येकीला विचारत जायचं, कुठे? कुठे? एखादी ठाणा म्हणाली की तिची सीट तुमची, पण बहुतेक वेळा माझ्या आधी दुसरीने मागितलेली असते आणि तिच्यामागे अजून एक नंबरात, त्यामुळे कल्याण येईपर्यंत उभंच. ऑक्टोबरात ड्रॉइंगच्या सबमिशनच्या आदल्या दिवशी ह्याच गाडीत माझ्या बॅगेतला ड्राफ्टर (समांतर रेघा मारायचं ड्रॉइंगचं साधन) दारात अडकला, मागून धक्का आला आणि त्याची पट्टी वाकली. घरी येऊन वडिलांनी पक्कडीने सरळ करायचा प्रयत्न केला पण रेघ समांतर येईना, रात्री दीडपर्यंत शीट सेट स्क्वेअरने पूर्ण केली. त्या रात्री मी आईला म्हटलं मला हे जमत नाही. ड्राफ्टर आणि शीटचा कंटेनर होस्टेलवाल्या मैत्रिणीकडे ठेवा, रोज नेऊ-आणू नका.

आणि कल्याण आलं की संपलं असं वाटतं ना, तसं नाही. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच रूळ आहेत, तिसरी-चौथी लाईन व्हायची आहे, त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्यांना वाट द्यायला आपली लोकल विठ्ठलवाडीच्या आधी उभी राहते, कधी पाच मिनिटं, कधी वीस. घर ते गेट धरलं तर जाताना सव्वादोन तास आणि येताना अडीच.

दारात उभं राहू नका, मुलांना तर हात जोडून सांगते. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारातली माणसं पडून गेली, आम्ही त्याच लाईनवरून जातो. एक गाडी सोडा, बदलापूरहूनच सुटणारी धरा, कर्जतहून येणारी आधीच भरलेली असते. आणि घाईत एसी लोकलमध्ये चढू नका, आपला सेकंडचा पास तिथे चालत नाही. जुलैमध्ये पाऊस लागला की लेक्चर सोडून लवकर निघा, 2019 ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, उल्हास नदी चढली की आपली लाईन बंद.

कॉटचं सांगते. एजंटने फोनवर आठ हजार सांगितले, प्रत्यक्षात तिघींच्या खोलीत कॉटमागे अकरा, वर दोन महिन्यांचं डिपॉझिट, एका महिन्याची दलाली आणि मेंटेनन्स म्हणून दीड हजार वेगळे, जेवण नाहीच. रोख द्या, पावती कशाला म्हणाला. बाबांनी मुकाट्याने दिले आणि ते मला अजून खातं. तुम्ही पावती आणि लिव्ह अँड लायसन्सचं रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट मागा, महाराष्ट्रात ते रजिस्टर करणं घरमालकाची जबाबदारी आहे. त्याहून चांगलं म्हणजे एजंट नकोच, सिनिअर मुलींना विचारा, जून-जुलैत त्यांच्या कॉट रिकाम्या होतात. अ‍ॅडमिशनच्याच दिवशी होस्टेलचा फॉर्म भरा, मी "बघू नंतर" म्हटलं आणि यादी भरली.

कॉटवरचे महिने सोपे गेले. सात तास झोप, सगळी प्रॅक्टिकल्स वेळेवर.

माझं स्पष्ट मत: ठाण्यापर्यंत राहत असाल तर अप-डाऊन करा, पैसे वाचवा. डोंबिवली-कल्याण असेल तर पहिलं सेम करून ठरवा. कल्याणच्या पुढचे असाल आणि कोर्स प्रॅक्टिकलचा असेल तर घरच्यांशी आत्ताच भांडा, केटी लागल्यावर (विषय राहिल्यावर) नाही. पैसे अजिबात नसतील तर निदान सबमिशन आणि परीक्षेचे तीन-चार आठवडे मैत्रिणीकडे जागा बघा.

शनिवारी घरी जाणार असाल तर रविवारी परत येऊ नका, मेगाब्लॉकमध्ये गाड्या कमी आणि गर्दी तेवढीच. सोमवारची पहाटे पाचच्या सुमाराची लोकल धरा, खिडकी मिळते.