आमच्या फ्रिसबी टीमचा इतिहास आणि ‘पंचाचे नाव व सही’ हा रकाना

आधीच सांगते, हे जरा रागातच लिहितेय. सरावासाठी मैदान मिळाल्याचं पत्र हातात येऊन बरेच दिवस झाले, पण त्यासाठीचा तो फॉर्म आठवला की अजून डोकं फिरतं.

आमची पुण्यात अल्टिमेट फ्रिसबीची (डिस्कचे, म्हणजे प्लास्टिकच्या उडत्या तबकडीचे पास देत समोरच्या टोकाच्या पट्ट्यात झेलून गोल करायचा खेळ) क्लब टीम आहे, मिक्स्ड, म्हणजे मुलंमुली एकाच टीममध्ये. 2013 च्या पावसाळ्यात कॉलेजमागच्या चिखलात सुरू झाली, मग वर्षानुवर्षं जिथे जागा मिळेल तिथे, वॉचमनकाका शिट्टी मारून हाकलेपर्यंत खेळायचो. पुढे बाहेरगावच्या स्पर्धांना जायला लागलो, फिटनेस टेस्ट आली, ट्रायआउट आले, लोक निवड झाली नाही म्हणून रुसायला लागले, म्हणजे टीम सिरियस झाली. मग मैदानाचा पक्का सकाळचा स्लॉट हवा होता आणि सवलतीच्या दरात तो फक्त नोंदणीकृत क्रीडा संस्थेलाच देतात असं कळलं. संस्थेची नोंदणी एका ओळखीच्या वकीलताईंनी करून दिली, सात जणांच्या सह्या, घटना, पत्त्याची एनओसी, लाइट बिल वगैरे, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

घडलं ते मैदान देणाऱ्या ऑफिसात. नाव घेत नाही, ज्यांनी तिथे चकरा मारल्यात त्यांना कळेलच.

अर्जासोबत ‘संस्थेचा संक्षिप्त इतिहास व मागील तीन वर्षांतील क्रीडा कामगिरी, पुराव्यासह’ जोडायचा असतो. मला वाटलं हा तर सगळ्यात सोपा भाग, टीमचा इतिहास माझ्याइतका कोणाला पाठ आहे! आणि मी लिहिलाही झकास. खेळ 1968 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मेपलवुडच्या कोलंबिया हायस्कूलच्या पोरांनी सुरू केला इथपासून. 1972 मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांची पहिली आंतरकॉलेज मॅच झाली आणि रटगर्स दोन पॉइंटने जिंकलं तेही टाकलं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जागतिक फेडरेशनला 2015 मध्ये पूर्ण मान्यता दिली, हे ठळक अक्षरात. (हे ठळकच लिहा, टेबलावर फक्त तेवढंच वाचतात.) क्लब टीम काय चीज असते ते कळावं म्हणून बॉस्टनच्या डेथ ऑर ग्लोरीने 1994 ते 1999 सलग सहा वर्षं अमेरिकेची नॅशनल्स मारली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्युरीच्या बायकांनी 2006 ते 2012 सलग सात वर्षं, हेही घातलं. मग आमचं. पहिल्या स्पर्धेत एकही मॅच जिंकलो नाही पण स्पिरिटचं, म्हणजे खिलाडूवृत्तीचं, बक्षीस घेऊन आलो, नंतर हळूहळू वर सरकलो, एकदा सेमीफायनलला युनिव्हर्स पॉइंटवर हरलो, म्हणजे स्कोअर बरोबरीत आणि पुढचा गोल करेल तो जिंकला. तो अजून झोंबतो, पण तो विषय वेगळा.

तर टेबलावरच्या काकांनी इतिहास बाजूला ठेवला, न वाचता, आणि छापील तक्ता पुढे सरकवला. स्पर्धेचे नाव, दिनांक, गट पुरुष/महिला, क्रमांक, आणि शेवटी ‘पंचाचे नाव व सही’. प्रत्येक मॅचसमोर.

मी म्हटलं, “काका, आमच्यात पंच नसतो.”

“म्हणजे प्रॅक्टिसला ना? स्पर्धेचं विचारतोय मॅडम.”

“स्पर्धेतही नसतो. जागतिक स्पर्धेतही खेळाडूच निर्णय देतात.”

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अशा नजरेने बघितलं की जणू मी बिनचाकाच्या रिक्षाचं परमिट मागायला आलेय. “मग भांडणं कोण सोडवतं?”

आता हे एका दमात कसं सांगणार. मी सांगितलं की फाउल झाला तर ज्याला झाला तोच ओरडून सांगतो, समोरच्याला पटलं तर ठीक, नाही पटलं तर तो ‘कॉन्टेस्ट’ म्हणतो, थोडं बोलतात आणि तरी जमलं नाही तर सहसा डिस्क परत टाकणाऱ्याकडे जाते आणि खेळ पुढे चालू. काका म्हणाले, “आणि खोटं बोलला तर?” शेजारच्या टेबलावरचे साहेब हसले. त्यांनी क्रिकेटवरून काहीतरी टोमणा मारला. मला उत्तर येत होतं, पण मागे लाइन होती.

त्रुटीपत्र मिळालं. ‘अधिकृत पंचांच्या स्वाक्षरीअभावी कामगिरी ग्राह्य धरता येत नाही.’ सोबत दुसरी त्रुटी, गट स्पष्ट नाही, पुरुष की महिला एकावर खूण करावी. मिक्स्डमध्ये मैदानात सात जण असतात, चार-तीन, कधी चार मुली, कधी चार मुलं. खूण कशावर करू?

टीमच्या ग्रुपवर टाकलं तर अर्धे म्हणाले कोणाचीतरी सही ठोकून दे, माझा मामा कबड्डीचा पंच आहे, तो करेल. मी साफ नाही म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न होता असं मी तिथे लिहिलं, पण खरं कारण म्हणजे त्या ऑफिसची जिरवायची माझी खुमखुमी. ज्या खेळाचा सगळा डोलारा खेळाडू खरं बोलतात यावर उभा आहे, त्याच्या फाइलमध्ये पहिली खोटी सही मी घालायची?

त्यानंतर मी त्या ऑफिसात इतक्या वेळा गेले की चहावाला ओळखायला लागला. साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, साहेब आत्ताच खाली गेले. फाइल कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही, पहिल्या अर्जाची पोच मी आवक नंबरासकट घेतली म्हणून तरी ती सापडली. हे अधोरेखित करून ठेवा, दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, कितीही गोड बोलले तरी.

सुटलं कसं ते सांगते. दरवेळी समजावून कंटाळले होते, म्हणून एके दिवशी डिस्क पिशवीतून घेऊन गेले, 175 ग्रॅमची स्पर्धेतली, कडेला सगळी खरवडलेली. काकांनी ती उलटी करून बघितली, त्यावर बोट फिरवलं, आणि नेमकं आतल्या बाजूला मार्करने लिहिलेलं एका जुन्या स्पर्धेचं नाव वाचलं. “ही बक्षिसाची?” म्हटलं, हो, स्पिरिटची. “हे कोण देतं, पंच नसताना?” आणि तिथे मला सापडलं! कारण स्पिरिटचे मार्क समोरची टीम देते. प्रत्येक मॅचनंतर एक कागद भरतात, नियम माहीत होते का, अंगावर न येता खेळले का, निष्पक्ष होते का, डोकं शांत ठेवलं का, नीट बोलले का, पाच मुद्दे, प्रत्येकी शून्य ते चार. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने भरलेला कागद असतोच! पंचाच्या सहीपेक्षा हे वजनदार नाही का, तुम्ही ज्याला हरवलं त्यानेच तुमच्याबद्दल चांगलं लिहून देणं?

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “आयोजकांच्या लेटरहेडवर लिहून आणा की या खेळात पंच नसतात, निकाल दोन्ही कप्तानांच्या सहीने ग्राह्य धरतात. आणि सोबत नियमपुस्तकातलं ते पान लावा.” मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. ते म्हणाले, “आधी तुम्ही डिस्क कुठे आणली होती?”

बरं. आयोजकांची पत्रं मागवली, त्यांना दया आली असावी, लगेच पाठवली. जुन्या टीमच्या कप्तानांना शोधून सह्या आणल्या, त्यातला एक दुबईला गेलेला, त्याने स्कॅन पाठवला, तो चालत नाही म्हणाले, मूळ प्रत कुरियरने आली. सह्या स्पर्धेच्या दिवशीच घेत जा, वर्षभराने नाही. गटाच्या रकान्यात साहेबांनी पेनाने ‘मिश्र’ लिहून स्वतःची छोटी सही केली, मिनिटभराचं काम, ज्यासाठी मला त्रुटीपत्र दिलं होतं.

एक राहिलं, मोजमाप. ‘मैदानाचा वापर किती’ असं विचारतात तेव्हा 100 बाय 37 मीटर असं छापील नियमातून दाखवा आणि सांगा की यात दोन्ही टोकांची 18-18 मीटरची एंडझोन (जिथे डिस्क झेलली की गोल) धरलेली आहे, खांब नाही, जाळी नाही, फक्त कोपऱ्यांवर आठ कोन. फुटबॉलच्या साधारण अर्ध्या रुंदीत भागतं हे कळल्यावर साहेबांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. क्रिकेटच्या पिचवर स्पाइक्सचे बूट घालून पाऊल ठेवणार नाही असं हमीपत्र मात्र घेतलं.

स्लॉट मिळाला सकाळी सहा ते आठ, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या दिवशी पाऊण टीम उशिरा आली, मी ओरडले, कोणी ऐकलं नाही.

नूतनीकरणाला दरवर्षी कामगिरीचा तक्ता परत लागतो, तो रकाना तसाच छापलेला आहे. आमची पूर्ण फाइल आता नव्या सेक्रेटरीकडे आहे, पत्रांचा मजकूर, नियमांचं पान, हमीपत्र, सगळं. ज्या टीमला हवं असेल त्यांनी सकाळी मैदानावर येऊन झेरॉक्स काढून न्या, मूळ कागद हातात देणार नाही.