एमएसडब्ल्यूला नंबर लागला, पण टीसीने रडवलं

मी बडोद्याची. माहेर दांडिया बाजार, सासर मांजलपूर, वय ३७. गेल्या वर्षी इथेच एमएसडब्ल्यूला (मास्टर ऑफ सोशल वर्क) प्रवेश घेतला, आता दुसरं सेमिस्टर चालू आहे. ओळखीतल्या दोघीतिघींनी विचारलं की इतक्या गॅपनंतर जमतं का गं, म्हणून सगळं लिहून काढतेय. आणि खरं सांगू, एका कॉलेजच्या ऑफिसचा राग अजून गेलेला नाही, तोही लिहायचाच आहे.

हे डोक्यात आलं सासऱ्यांच्या आजारपणात. बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, आम्ही सयाजी हॉस्पिटलमध्ये सोळा दिवस होतो, तिथल्या सोशल वर्कर बेन रोज येऊन आधी आईंशी, म्हणजे माझ्या सासूबाईंशी, दहा मिनिटं बोलायच्या. बाबांशी नाही, आईंशी! आजारी माणसाला सांभाळणाऱ्या बाईलाही कुणीतरी विचारायला हवं हे आमच्या घरात कुणाला सुचलं नव्हतं. ह्या कामाचं रीतसर शिक्षण असतं हे मला तेव्हा कळलं.

परीक्षा, ग्रुप डिस्कशन वगैरेला घाबरू नका, ते होतं. पदवी कुठलीही चालली, माझं बीकॉम आहे. मुलाखतीतला एक प्रश्न मात्र लक्षात राहिला. बडोद्यातल्या सामाजिक सुधारणेचं उदाहरण द्या म्हणाले, मी लगेच सयाजीराव महाराजांचं १९०६ चं सक्तीचं प्राथमिक शिक्षण सांगितलं. त्यावर मॅडम म्हणाल्या, मग त्याच महाराजांच्या नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ साली ह्याच शहरात राहायला घर का मिळालं नाही? मी गप्प झाले. मग म्हटलं की हुकूम महाराजांचा होता पण घरं लोकांची होती. बरोबर की चूक माहीत नाही, पण पुढचा प्रश्न आला नाही.

आता मूळ दुखणं. बीकॉम मी महाराष्ट्रात आत्याकडे राहून केलं, २०१० ला. त्याच वर्षी लग्न झालं आणि टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, काढायचा राहूनच गेला, कारण नोकरीला कुणी मागितला नाही. इथे दुसऱ्या राज्यातली पदवी म्हटल्यावर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, म्हणजे दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जायला जुन्या युनिव्हर्सिटीने दिलेला दाखला. हमीपत्र लिहून घेऊन प्रोव्हिजनल प्रवेश दिला आणि ठरलेल्या तारखेच्या आत मायग्रेशन आणा म्हणाले, ते रास्तच होतं. मायग्रेशनचा अर्ज ऑनलाइन होता, मला वाटलं दोन दिवसांचं काम. अर्जात शेवटची मार्कशीट आणि टीसीची कॉपी अपलोड करा असं होतं. म्हणजे आधी टीसी.

कॉलेजात फोन केला तर कुणी उचलेना, चार दिवस. शेवटी रात्रीची गाडी पकडून गेले. खिडकीवर सांगितलं की टीसीला लायब्ररीचं नो ड्यूज लागेल. लायब्ररीत गेले तर तिथल्या क्लार्कने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, तुमच्या नावावर एक पुस्तक बाकी आहे, कॉस्ट अकाउंटिंगचं. मी ते परत केलं होतं, मला पक्कं आठवत होतं कारण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मैत्रिणीला ते हवं होतं आणि आम्ही दोघी मिळून जमा करायला गेलो होतो. म्हटलं जुनं रजिस्टर बघा. तर म्हणे जुनी रजिस्टरं स्टोअरमध्ये आहेत आणि चावी ज्यांच्याकडे आहे ते रजेवर. म्हटलं मी पुस्तकाचे पैसे भरते, दंडही भरते. त्याला प्रिन्सिपलची सही लागते आणि सर मीटिंगला बाहेरगावी. संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले, मग आत्याकडे जाऊन रडले.

दुसऱ्या फेरीत सर भेटले, ते म्हणाले पैसे कशाला भरता, लायब्ररीतून लिहून आणा. लायब्ररी म्हणे सरांनी लेखी द्यावं. दोन खोल्यांमध्ये वीस पावलांचं अंतर असेल, मी ते किती वेळा चालले ते मोजलं नाही. सगळे मॅडम मॅडम करत होते, कुणी उद्धट बोललं नाही, पण एकही माणूस खुर्चीतून उठला नाही. इकडे बडोद्यात वर्ग सुरू झाले होते आणि माझे दोन फील्डवर्कचे दिवस बुडाले होते, फील्डवर्कची हजेरी फार कडक असते. त्या दिवशी परतीच्या गाडीत ठरवलं होतं की सोडून द्यावं. नवरा म्हणाला अजून एकदा जा, ह्या वेळी मी येतो.

तिसऱ्या फेरीत मी आल्या आल्या लेखी अर्ज दिला, दोन प्रती, आणि माझ्या प्रतीवर इनवर्ड नंबर आणि शिक्का मागितला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं! तोंडी बोललेलं हवेत जातं, शिक्का पडला की कागद कुणाच्या तरी टेबलावर येतो. तासाभरात लायब्ररीतले शिपाईमामा स्वतः स्टोअरमध्ये गेले (चावी तिथेच खिळ्याला होती) आणि धूळ झटकत रजिस्टर घेऊन आले. पुस्तक रोल नंबर १८१ ने नेलेलं होतं, माझा ११८. कॉम्प्युटरमध्ये भरताना आकडे उलटे पडले होते. इतकंच. ह्या दोन आकड्यांसाठी तीन फेऱ्या आणि सहा सुट्ट्या. मामांना मी वाकून नमस्कार केला, त्यांनी चहा मागवला.

टीसी हातात आल्यावर युनिव्हर्सिटीचा अर्ज अकरा दिवस पेंडिंगवरच दिसत होता, पण मुदतीच्या तीन दिवस आधी मायग्रेशन आलं. देवापुढे ठेवलं आणि मग स्कॅन केलं.

तर बायांनो, फॉर्म भरायच्याही आधी, जाहिरात यायच्याही आधी, जुन्या कॉलेजातून टीसी काढून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट आणि ॲफिडेव्हिट बरोबर न्या, माझ्या वर्गातल्या एकीचं तिथे अडलं होतं. गुजरातमधल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांचे अर्ज आता जीकॅस ह्या सामायिक प्रवेश पोर्टलवरून जातात, त्यात नाव मार्कशीटवर जसं आहे तसंच टाका, आधारवरचं नाही. आणि मूळ मायग्रेशन जमा होतं, परत हातात येईल असं धरू नका, आधी कॉपी काढा.

अभ्यासाचं विचाराल तर वर्गात व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, संशोधन असे विषय असतात, पण खरं शिक्षण फील्डवर्कमध्ये. आम्हाला आठवड्यातले दोन दिवस एजन्सीत, म्हणजे नेमून दिलेल्या संस्थेत, जावं लागतं आणि प्रत्येक भेटीचं रेकॉर्डिंग लिहायचं असतं. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मी पानभर लिहिलं की मी त्यांना असं समजावलं, तसं समजावलं. सुपरवायझरांनी समासात लाल पेनाने लिहिलं, त्या काय म्हणाल्या? तेव्हापासून मी आधी समोरच्याचं वाक्य लिहिते.

मी फील्डवर्कला जाते त्या वस्तीतल्या एका बेनची गंगास्वरूपा योजनेची फाइल अडकली आहे, विधवांना महिना १२५० रुपये मिळतात ती. रेशनकार्डावर नाव एक, आधारवर दुसरं. त्या चार वेळा जाऊन आल्या, दर वेळी दिवसाची मजुरी बुडवून. माझ्याकडे निदान पगारी रजा होती, आत्याचं घर होतं. मागच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर मी गेले, अर्ज दोन प्रतींत लिहिला, त्यांनीच दिला, शिक्का त्यांनीच मागून घेतला. मंगळवारी परत बोलावलंय.

हो, आणि फील्डवर्कला चप्पल नको, बूट घाला, पावसाळ्यात वस्तीत फार चिखल असतो.