सात नंबरचा रॅट

आमच्याकडे रॅटना पिकरिक ॲसिडचे पिवळे ठिपके लावून ओळखतात. सात नंबरचा ठिपका शेपटीच्या मुळाशी होता.

चार आठवड्यांपूर्वी मी बारा विस्टर जातीच्या रॅटच्या डाव्या किडनीच्या धमनीवर चांदीची क्लिप चढवली. क्लिपची फट ०.२ मिलिमीटर. धमनी शेजारच्या शिरेपासून सुटी करताना श्वास रोखावा लागतो, कारण शीर अतिशय पातळ असते. फाटली की रॅट गेला. उजव्या किडनीला हात लावायचा नाही. हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्यांच्या किडनीची धमनी आवळून रक्तदाब वाढवून दाखवला, त्याच वाटेवरची ही पद्धत. रक्त कमी पोहोचलं की किडनी रेनिन हे एन्झाइम सोडते. ते रक्तातल्या एका प्रथिनापासून अँजिओटेन्सिन वन तयार करतं, एसीई हे दुसरं एन्झाइम त्याचं अँजिओटेन्सिन टू करतं आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात.

रक्तदाब शेपटीवर पट्टा बांधून मोजतात. शेपूट आधी गरम करावी लागते, नाहीतर नाडीच लागत नाही. रॅट नळीत शांत बसायला शिकावा म्हणून मी आठवडाभर रोज त्याच वेळी त्यांना बसवलं. नेमकं आकडा घेतानाच कुणीतरी धाडकन दार उघडतं. दारावर पाटी लावूनही लोकांना कळत नाही, याचा मला खरंच राग येतो.

बाकीचे १७०च्या वर गेले. सात नंबर पहिल्या आठवड्यात १४८ झाला आणि मग उतरत उतरत १२०वर येऊन थांबला. सर म्हणाले, "क्लिप सुटली असेल. वगळून टाक."

काल पोट उघडलं. क्लिप जागच्या जागी, पण फट पूर्ण मिटलेली. डावी किडनी पांढरट, आक्रसलेली. उजवी चांगलीच फुगलेली. मी दोन्ही हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. मेलेली किडनी रेनिन कुठून आणणार? सुरुवातीचा तो १४८ तिच्या मरणाआधीचा असावा. रक्तदाब वाढायला किडनी अर्धपोटी, पण जिवंत लागते, हे त्या बारांत सगळ्यात स्पष्ट याच रॅटने दाखवलं, असं मला वाटतं.

सरांचंही चूक नाही. १५०च्या खाली राहिलेले रॅट घ्यायचे नाहीत, हा नियम आम्ही आधीच लिहून ठेवला होता. आकडे पाहून नियम बदलणं मलाही पटत नाही. पण वगळलेल्या रॅटची हकीकत प्रबंधात चार ओळींत तरी यावी, यावर मी अडून बसलोय.

आणि क्लिप मीच दाबली होती. त्या दिवशी किडनी जरा जास्तच फिकट पडली होती का? वहीत मी फक्त "ठीक" लिहिलंय.

हे नीट सिद्ध करायचं तर मुद्दाम धमनी पूर्ण बांधलेला वेगळा गट हवा, म्हणजे आणखी सहा रॅट. प्राणी नीती समितीचा अर्ज उघडून बसलोय. सहा जीव कशासाठी हवेत, हा रकाना अजून भरता आलेला नाही.