एक तास आठ मिनिटं

कोल्हापूर, ऑगस्ट 2019. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी कधीच ओलांडली होती आणि पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, पेट्रोलचे टँकर अडकलेले, नळाला पाणी नाही. आमचं ऑफिस राजारामपुरीत, उंचावर, म्हणून आम्ही कोरडे राहिलो. पण आमचा टेस्टर, म्हणजे आम्ही बनवत असलेला गेम खेळून चुका शोधणारा, नदीकाठच्या आंबेवाडीचा. त्याच्या घरच्यांना बोटीतून बाहेर काढलं एवढंच कळलं होतं. पुढे सहा दिवस फोन लागला नाही.

सातव्या दिवशी सकाळी तो ऑफिसच्या दारात उभा. अंगावर कुणाचा तरी ढगळ शर्ट, पायात स्लीपर. घरचे सगळे सुखरूप होते. म्हशींची दावी सोडून दिली होती, त्यातल्या दोन परत आल्या होत्या. चहा झाला, फोन चार्जिंगला लागला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं आमचा गेम उघडून माझ्यासमोर धरला.

"ताई, हे बघा. समदं थांबलंय."

आम्ही एका परदेशी पब्लिशरसाठी जहाजांच्या व्यापाराचा ऑनलाइन गेम करत होतो. दर महिन्याला पैसे भरायचे आणि खेळायचं. त्यातलं कौशल्य-प्रशिक्षण माझ्याकडे होतं. खेळाडू कौशल्यं रांगेत लावतो आणि ती घड्याळावर शिकून होतात, तो लॉगिन असो वा नसो. खेळाडूची बाजू आम्हाला कळावी म्हणून टेस्टरांनी एक खातं रीतसर पैसे भरून चालवायचं, हा नियमही माझाच.

ही पद्धत रुजवली 'ईव्ह ऑनलाइन'नं. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा हा गेम 2003 साली आला. तेव्हा रांग नव्हती, एका वेळी एकच कौशल्य. ते पहाटे तीनला संपणार असेल तर लोक गजर लावून उठत आणि पुढचं लावून पुन्हा झोपत. 2009 साली रांग आली, पण 24 तासांच्या आत जे सुरू होईल तेवढंच तिच्यात बसायचं. नोव्हेंबर 2014 मध्ये ती मर्यादाही काढली: पन्नास कौशल्यं, दहा वर्षांपर्यंत.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही आमच्या गेममध्ये मी 24 तासांची मर्यादा ठेवायला लावली. माणूस रोज एकदा तरी येईल, आला की बंदरात डोकावेल, कुणाशी बोलेल, असं माझं म्हणणं. पब्लिशरला ते लगेच पटलं. रोजच्या लॉगिनचा आकडा त्यांना हवाच होता.

आता त्या फोनच्या पडद्यावर काय होतं ते सांगते. गुणांचं गणित आम्ही 'ईव्ह'च्याच धर्तीवर घेतलं होतं. प्रत्येक कौशल्याच्या पाच पायऱ्या, आणि शिकताना गुण साठत जातात. सर्वांत सोप्या कौशल्याची एकेक पायरी पूर्ण व्हायला सुरुवातीपासून धरून एकूण गुण लागतात ते असे: 250, मग 1,414, मग 8,000, मग 45,255, आणि शेवटी 2,56,000. आमच्याकडे मिनिटाला 30 गुण मिळायचे. म्हणजे पहिली पायरी आठ मिनिटांत, दुसरी पाऊण तासाच्या आत, तिसरी साधारण पावणेचार तासांत, चौथीला मात्र जवळजवळ 21 तास. चारही मिळून 25 तास 8 मिनिटं. पाचवी पायरी चौथी संपल्यावरच सुरू होणार, म्हणजे ती 25 तास 8 मिनिटांनी सुरू होणार. आणि दार 24 तासांना बंद.

एक तास आठ मिनिटांसाठी त्याची पाचवी पायरी रांगेत बसली नव्हती.

त्यानं गाव सोडायच्या संध्याकाळी, सामान माळ्यावर टाकता टाकता, रांग भरली होती ती एवढीच. तो सहा दिवस म्हणजे 144 तास बाहेर होता. त्यातले 119 तास काहीच शिकून झालं नव्हतं. पाचव्या पायरीला लागतात 117 तास. रांगेनं ती घेतली असती तर तो चहा पीत असताना ती पूर्ण झालेली दिसली असती.

मी कागद घेऊन जुन्या खेळाडूचं गणित मांडलं आणि तिथे मला खरा घाव बसला. जुन्याच्या चौथ्या पायऱ्या केव्हाच झालेल्या असतात. तो 24 तासांच्या आत एखादी अवघड पाचवी पायरी सुरू होईल असं बघतो आणि पंधरा दिवस निर्धास्त गावाला जातो. माझ्या नियमानं त्याला कधीच अडवलं नव्हतं. अडत होता तो नवा माणूस, ज्याच्याकडे सगळी छोटी कौशल्यं आहेत आणि ज्यानं पहिल्याच महिन्याचे पैसे भरलेत.

मला आमच्या काकांची मोटर आठवली. शेतीची वीज रात्रपाळीला असली की काका बारा-एकला बॅटरी घेऊन नदीकाठी जायचे, मोटर चालू करायला. साप, चिखल, थंडी. मग त्यांनी ऑटो बसवला. वीज आली की मोटर आपोआप सुरू. काकांचं शेतावरचं प्रेम त्यानं तसूभर कमी झालं नाही. दिवस उजाडला की ते पाणी कुठवर पोचलं ते बघायला जायचेच. रांग म्हणजे ऑटोच की. आणि मी तो रोज एकदा हातानं दाबायचा करून ठेवला होता.

संध्याकाळी पब्लिशरबरोबर कॉल होता. मी ते गणित पुढे ठेवलं. त्यांनी विचारलं, मर्यादा काढली तर लोक आठवडाभर फिरकणारच नाहीत, त्याचं काय? मी म्हटलं, महिन्याचे पैसे आपण आधीच घेतो. तो त्यानं विकत घेतलेला वेळ आहे. त्यातले पाच दिवस तो दवाखान्यात असेल, परीक्षेत असेल, पुरात असेल, तरी ते दिवस त्याचेच. रोज यावंसं वाटायचं असेल तर बंदरात काहीतरी घडवू या, ते माझं काम आहे. पण न आल्याचा दंड नको.

त्या दिवशी त्यांनी होकार दिला नाही. आणखी तीन कॉल झाले. शेवटी ठरलं ते असं: जितक्या दिवसांचे पैसे भरलेत, तितक्या दिवसांची रांग. पुढच्या मोठ्या अपडेटमध्ये ते गेलं.

टेस्टर मात्र त्या सकाळी अपडेटसाठी थांबला नव्हता. चौथी झालेली असल्यामुळे पाचवी आता थेट सुरू करता येत होती. त्यानं ती लावली. पडद्यावर आलं: 4 दिवस 21 तास. त्यानं चार्जर काढला, ऑफिसमधला खराटा आणि दोन बादल्या मागून घेतल्या, आणि जिन्यावरूनच म्हणाला,

"घर धुऊन व्हईस्तवर पुरतंय की ताई."